वडप्याची शिडी आणि लांबडा नागसेन

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा काय, माझ्या स्वतःच्या पायऱ्यांचाही विश्वास बसणार नाही. मी एक जुनी बांबूची शिडी आहे. गणेशपुरीकडच्या मंगळ्याने मला बांधली तेव्हा मी इतकी उंच होते, की चांदोबा माझ्यावर पाय पुसून पुढे जायचा! पडघ्याच्या बाजारातून मी वडप्याला शांताबाईंच्या घरी आले.

पंखा पुसायचा असो की माळ्यावरचं काढायचं, "शिडी आणा!" काय तो मान! पण शांताबाईंचा मुलगा नागसेन वाढतच गेला. अठराव्या वर्षी त्याचा हात सरळ माळ्याला पोचला आणि मी परसात कोंबड्यांची बैठक झाले. तेव्हापासून मी त्याचा मनापासून द्वेष केला.

तो कामाला जायचा त्या गोदामातली माणसं त्याला चिडवायची, "ना दाढी, ना मिशी, नुसता बांबू हाय!" मी खूश व्हायचे. 'बांबू' तेवढं मात्र झोंबायचं.

नागसेनच्या लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. शांताबाई सून संघरत्नाला घालूनपाडून बोलायच्या. एकदा डॉक्टरांकडून आल्यावर नवराबायको माझ्याशेजारी कुजबुजले. पुरुषाच्या प्रत्येक पेशीत एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र असतं. नागसेनमध्ये जन्मापासून एक एक्स जास्त. म्हणून ती उंची, ती विरळ दाढी, म्हणूनच मूल होणं कठीण. "कुनाला सांगू नको," तो म्हणाला. तिने शब्द पाळला आणि ती बोलणी खात राहिली. मेला भित्रा!

मग त्याच्या बहिणीच्या बाळाचं बारसं आलं. नागसेन आढ्याला पाळणा बांधत होता. संघरत्ना दोरी द्यायला पुढे झाली, तशा शांताबाई कडाडल्या, "वांझेनं पाळन्याला हात न्हाय लावायचा! उद्याच म्हायेरची वाट धर!"

नागसेन तेव्हा माझ्या सहाव्या पायरीवर होता. वाटलं, पाडावं याला! पण मी घट्ट राहिले. तिथूनच तो सगळ्यांदेखत बोलला, "आये, दोष तिचा न्हाय. रिपोर्ट माझा हाय. आन् दोष माझाबी न्हाय, जन्माचंच हाय. वांझ म्हनायचं तर मला म्हन."

शांताबाई बाजूला सरकल्या. संघरत्नाने दोरी दिली.

एवढं बळ त्याला कुणी दिलं? मी! म्हणून सांगते मित्रांनो, शिडीला जपा, तिला उन्हापावसात...

"ए खोटारडे!" समोर बसलेली त्या बाळाची बहीण रिया ओरडली. "मामाला शिडी लागतेच कुठं? तू तर परसात कोंबड्यांखाली होतीस! मामा जमिनीवर उभा राहून बोलला!"