उबेतली शांतता

मी एक जुना ध्वनिग्राहक आहे. प्रयोगशाळेतील मंडळी मला 'कान' म्हणत. मित्रांनो, मनुष्याच्या कानाला जेथे सारे निःशब्द भासते, तेथून माझे ऐकणे सुरू होते. माणसांचे बोलणेही मला ऐकू येते, परंतु दूरच्या मेघांसारखे, जड आणि संथ.

एका कारागिराने माझा पडदा श्वास रोखून ताणला, आणि मी एका थंड, स्वच्छ खोलीत येऊन पोहोचलो. खाली एक पांढरी थाळी असे. घरट्यातून बाजूला काढलेले उंदराचे नवजात पिल्लू त्या थाळीत ठेवले की ते आईला हाक मारी. ती हाक इतकी सूक्ष्म, की शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही तिची वार्ता नसे. मी ती टिपत असे, आणि संगणकाच्या पडद्यावर तिरप्या रेषा उमटत. वर्षानुवर्षे मी जणू स्वप्नातच त्या हाका ऐकल्या.

त्या खोलीत संशोधन करणाऱ्या ताई होत्या, आणि पिंजऱ्यांतला भुसा बदलणारे काका. गर्भवती मातेला आजार झाला तर पोटातल्या बाळाच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो का, स्वमग्नतेचे मूळ तेथे असेल का, हा ताईंचा प्रश्न होता. मनुष्यमातेवर असा प्रयोग करणे अधर्म. म्हणून तो भार उंदरांच्या मातांनी वाहिला. काही मातांना आजार आणणारी सुई टोचली जाई, तुलनेसाठी काहींना नुसत्या मिठाच्या पाण्याची.

ताईंचा धाकटा भाऊ स्वमग्न होता. त्याच्या वेळी आईला पाचव्या महिन्यात ताप आला होता, आणि तो ताप त्या माउलीच्या मनातून कधी उतरलाच नव्हता.

आजारी मातांची पिल्ले फार कमी हाका मारतात, असे माझ्या रेषांवरून दिसू लागले. ताईंनी शोधनिबंध लिहून पुरा केला. हातात मोजे होते म्हणून टेबलावरचा फोन स्पीकरवर टाकून त्या आईशी बोलल्या.

"सापडलं का गं काही?"

"सापडलंय असं वाटतंय."

"म्हणजे माझा तापच ना? मी म्हणतच होते."

ताईंनी थाळी पुसायला घेतली.

निबंध धाडण्यापूर्वी थोडी मोजणी उरली होती. आजारी मातेचे एक पिल्लू ताईंनी ओंजळीत घेतले, त्यावर हळुवार फुंकर घातली, आणि मग थाळीत ठेवले. काका भुसा भरता भरता थांबले.

"ताई, ह्यांचेच लाड का हो? ती दुसरी पिल्लं तर उचलली की थेट थाळीत."

"आजारी आईची आहेत, काका. गार थाळीत ठेवायला जीव धजत नाही."

"मग गप्प बसतील नाही तर काय. आमची नात बघा, कडेवर असेपर्यंत गुणाची. खाली ठेवली की सारी गल्ली गोळा."

ताई हसल्या. मग त्यांचे हसू हळूहळू मावळले.

मोजणाऱ्याला पिल्लू कोणत्या मातेचे हे ठाऊक असू नये, असा नियम आहे. परंतु सुया ताईंनीच टोचल्या होत्या. प्रत्येक पिंजरा त्यांना तोंडपाठ होता. गारठलेले पिल्लू हाका मारते, उबेतले शांत राहते. मी इमानाने टिपलेली ती शांतता ताईंच्याच तळहातांतून आली होती.

"आता हो?" काकांनी विचारले.

"पुन्हा सगळं पहिल्यापासून. पुन्हा तितक्याच आया आजारी पाडायच्या." त्यांचा आवाज खाली गेला. "आधीच्यांचं सोसणं माझ्या मायेनं वाया घालवलं, काका."

निबंध थांबला. या खेपेस सुया दुसऱ्या कुणी टोचल्या, पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या काकांनी झाकल्या, आणि थाळीखाली सर्वांसाठी एकसारखी ऊब ठेवली. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा दोन्ही गटांतल्या पिल्लांच्या रेषा शेजारी मांडून पाहिल्या. कोणती कोणाची, ते चिठ्ठी वाचल्यावाचून ओळखता येईना.

ताईंनी पुन्हा तसाच आईला फोन लावला. "आई, माझं चुकलं होतं. तुझ्या तापानं झालं, असं मला दिसलं नाही. नाहीच झालं, असंही सांगता येत नाही. ठाऊक नाही, एवढंच खरं."



"इतकी वर्षं मला खात्री होती गं."

"माहितीये."

"मग आता ती गेल्यावर मी काय करू?"

"त्याच्याजवळ जाऊन बस. नुसतीच बस. कसल्या दोषाची कबुली द्यायला नको."

मित्रांनो, आता मी कपाटात असतो. माझ्या पडद्यावर धूळ साचते. माझी एवढीच विनवणी आहे. ज्या मुक्या जिवांच्या देहाला तुम्ही तुमचे प्रश्न विचारता, त्यांना निष्काळजीपणे हाताळू नका. मायेच्या भरातही नको. आणि कुणी गप्प दिसले, तर त्या शांततेचा अर्थ लावण्याआधी आपला हात कोठे आहे, ते एकदा पाहा.