डुकराचा पाला

मी एक वाकड्या पाठीचं कासव आहे. मित्रांनो, हसलात तरी चालेल. तैवानमधल्या ताइनान शहरात, आमच्या सकाळच्या बाजारात सगळे हसून झालेले आहेत. माझ्या जातभाईंची पाठ उपड्या परातीसारखी गुळगुळीत असते. माझ्या पाठीवर मात्र नुसती टेंगळंच टेंगळं. अशा रूपाने स्वतःची हकिकत सांगायलाही लाज वाटते, पण सांगायला तर हवी.

सिओक-लान आजीचा या बाजारात भाजीचा गाळा आहे. बुन-ह्योंग आजोबा, म्हणजे तिचे यजमान, मोठ्या दुखण्यातून उठले, तेव्हा तिने मला घरी आणलं. घरात कासव असलं की माणसाला आयुष्य लाभतं, असं ती मानायची. मग काय, माझे लाड सुरू झाले. कोबी चिरताना वरची हिरवी, राठ पानं ती दोघांच्या रस्स्यात टाकायची आणि आतला पांढराशुभ्र गाभा मला द्यायची. जोडीला सोललेली काकडी, मऊ भात, पिकलेला आंबा. मीही शेफारलो.

गाळ्यावर रताळ्याच्या पाल्याच्या जुड्या असत. गिऱ्हाइकं त्या आवडीने नेत, पण आजी त्यातलं एक पान मला घालत नसे. तिच्या लहानपणी तो पाला डुकरांना शिजवून घालत, आणि हलाखीच्या दिवसांत तिनेही त्यातलाच खाल्लेला. ही गोष्ट ती बाजारात कुणाला कळू देत नसे. माझ्या कासवाला डुकराचं खाणं घालणार नाही, एवढंच म्हणे.

आजोबांना सत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा अंगणात पंगत बसली. मी पाहुण्यांदेखत चालत आजोबांच्या पायाशी जावं, अशी आजीची फार हौस. तिने पाठीला लाल फीत बांधून मला खाली सोडलं. मी उठायला गेलो आणि चारी पाय फाकले. पोट जमिनीवरून सुटेना. शेजारच्या गाळ्यावरची मेई-खिम बोलून गेली, "अगं बाई, याचंच आयुष्य संपत आलेलं दिसतंय." बोलली आणि तिनेच जीभ चावली. आजोबा, आयुष्य लांबावं म्हणून वाढदिवसाला खातात त्या लांब शेवयांचा वाडगा हातात धरून तसेच बसून राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याने माझं कवच दाबलं. ते दबलं. काय खायला घालता, असं त्यांनी विचारलं, आणि आजीने मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, पांढऱ्या गाभ्यात पाण्याशिवाय फारसं काही नसतं, भात आणि आंबा तर बंदच करा. गवत द्या, हिरवा पाला द्या, तोही रोज एकच नको: रताळ्याचा, तुतीचा, जास्वंदीचा, मोहरीचा. उन्हात फिरू द्या. नाहीतर हे जगायचं नाही.

आजीची मान खाली गेली. "चांगलं चांगलं त्याला दिलं हो मी. राठ तेवढं आम्ही खाल्लं."

"म्हणून तर तुम्ही दोघं धडधाकट आहात," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून आजी माझ्यापुढे रताळ्याचा पाला ठेवू लागली. आणि मी काय केलं? तोंड फिरवलं. लाडावलेली जीभ, दुसरं काय! उपाशी राहिलो, वाळत गेलो, पण पानाला तोंड लावलं नाही.

एके सकाळी भर बाजारात, गिऱ्हाइकं उभी असताना, आजी माझ्यासमोर जमिनीवर बसली. तिने एक कच्चं पान घेतलं आणि स्वतः चावायला लागली.

मेई-खिम हळूच म्हणाली, "सिओक-लान, ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत. डुकरांच्या पातेल्यातलं खाऊन मोठी झालेय मी. आजवर लपवलं. त्या लाजेपायी याचा जीव जायची वेळ आली."

डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही. उरलेलं अर्धं पान तिने माझ्या तोंडापाशी धरलं. मी ते घेतलं. कसं लागलं ते विचारू नका. शरमेने चव कळलीच नाही.

मित्रांनो, आज मी चालतो. रोज वेगळा पाला खातो. पाठ मात्र आता सरळ व्हायची नाही. बाजारात तुमच्यासारखी मुलं विचारतात, याला काय झालं हो? मी मुका प्राणी, काय बोलणार? मग आजीच सांगते, "माझ्या हातून झालं, बाळांनो." दरवेळी, सगळ्यांसमोर. तुमच्या घरी कासव असेल तर त्याचे लाड जरूर करा, पण त्याला काय मानवतं ते आधी विचारा. माझ्या आजीसारखं तुम्हाला कुणापुढे असं सांगावं लागू नये.