शवासनातली नोकरी

माझा नवरा झोपायचा पगार घेतो, असं सांगितलं की लोकांना वाटतं मी त्याची निंदा करतेय. निंदा कसली? खरंच घेतो. आम्ही दोघंही गाद्यांच्या कारखान्यात आहोत. मी शिवणखात्यात खोळी शिवते, आणि आमचे हे तयार गादीवर उताणे पडून तिच्यात काही खोट आहे का ते बघतात. गादी कापसाची असो, काथ्याची असो की फोमची, यांच्या पाठीखालून गेल्याशिवाय ती दाराबाहेर पडत नाही. म्हणून कारखान्यात सगळे यांना पाठोबा म्हणतात.

आणि पाठ तरी कसली! फोमच्या दोन थरांमध्ये आगकाडी राहिली तरी हे पडल्या पडल्या ताडकन उठायचे. "कुठल्या गाढवानं भरली ही? हिच्यावर माणसं झोपणार आहेत की कोंबड्या?" असं ओरडून गादीवर खडूने भलंमोठं 'नापास' लिहायचे. मी बायको म्हणून मला सूट नव्हती, उलट जाच जास्तच. माझी शिवण पाठीला लागली की म्हणायचे, "हे टाके रागात घातलेत." आणि खरंच, सकाळी आमचं वाजलेलं असायचं.

घरी तरी वेगळं काय? राग नाकाच्या शेंड्यावर. चादरीची सुरकुती नापास, भाजीतलं मीठ नापास, शेजाऱ्यांचं हसणंसुद्धा नापास. मीही काही तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारी नाही. हे एक बोलले की मी दोन ऐकवायची. आमचा संसार असा दणक्यात चालला होता आणि मला त्यात काही कमी आहे असं कधी वाटलं नाही.

मग एके दिवशी एका गादीवर ओरडता ओरडता यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हे त्याच गादीवर कोसळले. शुद्धीवर आल्यावर आधी "नापास" म्हणाले आणि मग पाणी मागितलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला, मग यंत्र बदलून पाहिला. "तुम्ही राग सोडा, नाहीतर राग काही तुम्हाला सोडायचा नाही," म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या आणि योग करायला सांगितलं.

लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर योगाच्या एक बाई वर्ग घेतात. मी यांना अक्षरशः ओढत नेलं. सुरुवातीला नुसतं हसं झालं. पुढे वाकले की हात गुडघ्यापाशीच अडायचे, आणि एका पायावर उभे राहिले की शेजारच्याला घेऊन पडायचे. पण शेवटी शवासन आलं आणि अख्खा वर्ग बघत राहिला. इतरांचा पाय हलत होता, कुणाचं नाक खाजत होतं, एक काका तर चक्क घोरत होते. हे मात्र पडले ते पडलेच! रोजचाच धंदा तो. बाई हरखून गेल्या. म्हणाल्या, "असं शवासन मी माझ्या गुरूंचंही पाहिलं नाही."

त्या दिवसापासून बाईंनी यांना सगळं आडवं पाडूनच शिकवायचं ठरवलं. श्वास पोटापर्यंत न्यायचा, तो आडवं पडून. अंगाला काय काय लागतंय तिकडे लक्ष द्यायचं, तेही आडवं पडूनच. "जे जाणवेल ते जाणवू द्या," बाई सांगायच्या. "त्याला चांगलं म्हणू नका, वाईट म्हणू नका. असू दे म्हणा आणि पुढे जा."

घोटाळा झाला तो इथे, आणि तो कुणाच्याच लक्षात आला नाही. बाकीची माणसं शवासनातून उठतात आणि कामाला लागतात. यांचं कामच आडवं पडायचं. वर्गातून उठायचे, कारखान्यात येऊन पुन्हा उताणे व्हायचे. वर्ग कुठे संपला आणि ड्यूटी कुठे सुरू झाली हे बिचाऱ्या पाठीला कसं कळावं?

गुण आला, हे मी नाकारत नाही. रक्तदाब उतरला, डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. घास सावकाश चावून खायला लागल्यापासून पोटाची कुरकुर थांबली. दिवसभर गाद्यांवर लोळून रात्री टक्क जागा राहणारा हा माणूस आता घरी गाढ झोपायला लागला. मी सुखावले. शेजारणीला दहा वेळा सांगितलं.

मग एकदा भाजीत मीठ जास्त पडलं. मी कंबर कसून तयारच होते. यांनी घास चावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "खारट आहे. असू दे." दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मूठभर मीठ टाकलं. "फार खारट आहे," हे प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले आणि वाटी चाटूनपुसून मोकळे झाले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मोरीत जाऊन रडले, आणि पुढे ते रोजचंच झालं.

कारखान्यात पहिली सापडली ती चप्पल. शिवणखात्यात माझी एक मैत्रीण आहे. उंच, बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून तिला सगळे दाभण म्हणतात. तिची चप्पल हरवली आणि शोधता शोधता यांनी पास केलेल्या गादीत मिळाली.

"तुम्हाला लागली नाही?" मी विचारलं.

"लागली की. डाव्या पायाची होती. टाच झिजलेली."

"मग बोलला का नाहीत?"

"तिला वाईट म्हणणारा मी कोण?" हे म्हणाले.

झालं! पाठोबा सगळंच पास करतो हे कळल्यावर भरणाऱ्यांनी हात सैल सोडले. समोर दिसेल ते गादीत जायला लागलं. एका गादीत हातोडी गेली. "लोखंड आहे. गार आहे," एवढं नोंदवून हे पुढच्या गादीवर सरकले. एका गादीत गजराचं घड्याळ राहिलं आणि ते यांच्या पाठीखालीच ठणाणा वाजलं. "वाजतंय," हे म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आता थांबलं." गादी पास. शेवटी कुणीतरी फोरमनचं स्टूल पाय वर करून आत शिवलं. हे त्या चार पायांवर तोल सावरत पडून राहिले आणि उठल्यावर म्हणाले, "चारही बाजूंनी आधार मिळतो." फोरमन उभ्या उभ्याच काम करत होता.

स्टुलाची गादी गिऱ्हाइकाने परत पाठवली तेव्हा मालकांनी कपाळावर हात मारला. मालक तसे वाईट नाहीत. यांना समोर बसवून म्हणाले, "पाठोबा, शांत माणसं पैशाला पासरी मिळतात हो. मला चिडणारा माणूस हवाय." एका प्रसूतिगृहाची मोठी ऑर्डर यायची होती. तिथल्या खरेदीच्या मॅडम स्वतः येऊन तपासणी बघणार होत्या. त्यांच्यासमोर खोट असलेली एक गादी ठेवायची असं मालकांनी ठरवलं. "ती नापास केलीत तर तुम्ही आमचे. पास केलीत तर उद्यापासून घरी झोपायचं."

घरी येताना मी यांच्या तोंडाकडे बघत होते. निदान आता तरी काही हलेल म्हणून.

"नोकरी जाणार असं जाणवतंय," हे म्हणाले. मी थांबले. "असू दे."

माझं डोकंच फिरलं. उताणं पडण्याखेरीज या माणसाला काडीचं काही येत नाही. असल्या माणसाला जगात दुसरी नोकरी कोण देणार? तशीच तडक योगाच्या बाईंकडे गेले आणि त्यांची चटई ओढून म्हणाले, "माझा नवरा परत द्या."

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शांतपणा बघितला की आता माझ्या अंगावर काटाच येतो. "अहो, पण शवासनानंतर उठायचं असतं," त्या म्हणाल्या. "उठत नाहीत का ते?"

"उठतात. आणि पुन्हा पडतात. पगार त्याचाच आहे."

बाईंना मग कुठे सगळं उमगलं आणि त्यांचा चेहरा पडला. "मी बघायला शिकवलं, ताई. बघून गप्प बसायला नाही शिकवलं," म्हणाल्या. "पण त्यांना जाणवतंय ना? ते जायला नको होतं, आणि ते गेलेलं नाही." मी म्हटलं, जाणवून उपयोग काय? त्या म्हणाल्या, "ते मलाही ठाऊक नाही." तेवढी एक गोष्ट मला त्यांची आवडली.

खोट असलेली गादी तयार करायचं काम मालकांनी माझ्यावरच टाकलं होतं. मी कारखान्यात फिरून बघितलं. खिळे, विटा, लोखंडी कुलूप. पण हातोडीने जो हलला नाही तो विटेने काय हलणार? शिवाय मला आता नोकरीपेक्षा दुसरंच काहीतरी टोचत होतं. चप्पल, घड्याळ, स्टूल, सगळ्यांना यांनी एकच उत्तर दिलं होतं. मलाही हे तेच देतात का, हे मला कळायला हवं होतं. भीती वाटत होती, तरी हवं होतं.

मी फोमच्या जाड थरात सुरीने माझ्या मापाची पोकळी कापली आणि आत जाऊन झोपले.

"वेड लागलंय तुला," दाभण म्हणाली. "गुदमरशील."

"खोळ सुती आहे. हवा येते. तू शिव."

तिने शिव्या घालत घालत माझ्यावर पातळ थर पसरला आणि खोळ शिवून टाकली. आत अंधार होता आणि नव्या कापडाचा वास. गादी उचलून नेताना हमाल म्हणाला, "ही जरा जड भरलीय." मग पावलं आली, मालकांचा घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि एक बाईमाणसाचा आवाज म्हणाला, "करा सुरू."

यांचं वजन माझ्यावर आलं. हाडन्‌हाड ओळखीचं ते वजन. हे स्थिर झाले.

"गादी उबदार आहे," हे म्हणाले.

"बरं," मॅडम म्हणाल्या.

"आत माणूस आहे."

कुणीतरी हसलं. मालक नव्हते.

"बाई आहे," हे त्याच गार आवाजात म्हणाले. "उजव्या कोपराला जुनी दुखापत आहे, म्हणून हात असा दुमडलाय. केसांना तेल लावलेलं आहे. आमची मंडळी आहे."

माझा श्वासच थांबला. आता बोला, मी मनात म्हणत होते, आता तरी चिडा, कोणी कोंबलं हिला म्हणून विचारा. मग यांनी दीर्घ श्वास सोडला. तो श्वास मला पाठ होता. त्याच्यामागून काय येतं तेही पाठ होतं.

"असू दे," हे म्हणाले.

मालकांनी कळवळून "अहो पाठोबा!" म्हटलं, पण मला त्यांचं काय? मी रडायला लागले. आवाज न करता, कारण आवाज करायला आत जागाच नव्हती. चपलेच्या रांगेत जाऊन बसले मी. इतकी वर्षं या माणसाशी भांडले ती काय यासाठी?

हे उठायला लागले होते. वजन अर्धं उतरलं होतं. ते तसंच थांबलं. मग पुन्हा खाली आलं, हलकेच, कान लावल्यासारखं.

"श्वास वरच अडकतोय," हे म्हणाले. आवाज गार नव्हता. "पोटापर्यंत जात नाहीये. छातीत हिसके बसतायत."

"मग काय लिहू?" मॅडमनी विचारलं. "पास?"

"रडतेय ती!"

"म्हणजे पास की—"

"नापास!" हे असे गरजले की फोमसुद्धा थरारला. "नापास, नापास, नापास! दिसत नाही का तुम्हाला? बाई रडतेय आतमध्ये! सुरी आणा! कोण गाढव आहे तिकडे, सुरी आणा!"

सुरी येईपर्यंत यांना धीर नव्हता. नखांनी आणि दातांनी शिवण उसवायला लागले. भसकन उजेड आत आला आणि उजेडात यांचं तोंड, लालबुंद, कपाळावरची शीर टरारलेली, ओठाला दोरा चिकटलेला. मला ओढून बाहेर काढलं आणि खांद्याला धरून गदागदा हलवलं.

"अक्कल आहे का तुला? अं? मेली असतीस म्हणजे? आणि ही शिवण कुणी घातली? माणूस आत आहे तर श्वासाला जागा ठेवायची की नाही?"

दाभण पुढे झाली नाही. शहाणी आहे.

मी नाक पुसलं. मॅडम बघत होत्या, मालक बघत होते, फोरमन त्याच्या जागी उभा राहून बघत होता.

"माझ्यावर ओरडायचं काम नाही," मी म्हटलं. "स्टुलाला पास करताना कुठे गेली होती ही अक्कल?"

"स्टूल रडत होतं का?"

"आणि मी बाहेर रडत होते ते? घरी, रोज?"

हे मग तिथेच फरशीवर बसले, माझा हात ओढून मला शेजारी बसवलं, आणि म्हणाले, "आधी श्वास घे. पोटापर्यंत." मी घेतला. यांनीही घेतला. शिरेचा ताण उतरला, तोंडावरची लाली ओसरली.

"झालं?" यांनी विचारलं.

"झालं."

"मग आता सांग, रोज रडत होतीस तर तोंड शिवलं होतं का तुझं?"

आणि आम्ही भांडायला लागलो.