अकराव्या बटणाची साक्ष

टण्ण!

दुपारची जेवणं आटोपून घर शांत झालं होतं. भांड्यांच्या जाळीतून एक चमचा घसरला आणि रिकाम्या सिंकमध्ये पडला. आतल्या खोलीत भिंगरी नुकती कुठे झोपली होती. तिची आई ओले हात तसेच हवेत धरून थांबली. भिंगरीने कूस बदलली, ओठ चाटले आणि पुन्हा झोपी गेली. तेव्हा आई चोरपावलांनी माझ्यापाशी आली. तिने माझी वायर लावली, माइक सिंकवर धरला आणि तोच चमचा मुद्दाम पुन्हा पाडला. तो आवाज माझ्या चौथ्या बटणात जाऊन बसला.

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. सुरांची नव्हे, ठेक्यांची. दुकानदार मला बीट मशीन म्हणत, भिंगरीचे बाबा डबडं म्हणतात, पण आई पेटीच म्हणते. माझ्या पाठीवर रबराची सोळा बटणं आहेत. प्रत्येकात एकेक आवाज साठवायचा आणि बटणं ठोकून ठेका बांधायचा, म्हणजे त्यावर कुणीतरी रॅप करतं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एका बाईंनी माझी सोळाही बटणं दाबून पाहिली आणि पोटावर ‘तपासले’ अशी चिठ्ठी चिकटवली. त्यानंतर माझ्यावर इतका विश्वास कुणी टाकला नाही. मीही कुणावर टाकला नाही.

त्याला कारण माझा पहिला मालक. तो जुन्या रेकॉर्डमधून दोन-दोन सेकंदांचे तुकडे उचलायचा आणि कापून उलटेसुलटे करायचा. म्हणायचा, “असं काप, की ज्याचं आहे त्यालाही ओळखू येऊ नये.” लोक त्याची पाठ थोपटायचे आणि मी गप्प बसायचे. चोराच्या घरात वाढलेल्याला प्रत्येक पाहुण्याच्या पिशवीकडे बघायची खोड लागते. माझं तसंच झालं. पुढे त्याने कॉम्प्युटर घेतला आणि मी कपाटाच्या तळाशी गेले. तिथून दुरुस्तीवाल्याच्या फळीवर, आणि तिथून भिंगरीच्या आईच्या हाती. तेव्हा तिचं लग्नही झालं नव्हतं.

भिंगरी तीन वर्षांची असताना तिने खोकल्याचं औषध माझ्यावर सांडलं. गुलाबी, चिकट. आईने कापसाच्या बोळ्याने टिपलं, फुंकर घातली, उन्हात ठेवलं. पंधरा बटणं सुधारली. अकरावं मात्र त्या दिवसापासून दाबलं की क्षणभर रुसतं आणि मग वाजतं.

“राहू दे,” आई म्हणाली. “लंगडत का होईना, चालतंय ना!”

त्याच लंगड्या बटणाने सगळी गंमत केली. चौथ्यात चमचा, अकराव्यात डब्याच्या झाकणावरची टिचकी. नवव्यात आईने एक खर्र-खर्र भरली होती, ती सगळ्यांच्या खालून धावायची. टिचकी दर वेळी केसभर उशिरा यायची, त्यामुळे ठेका पायरी चुकल्यासारखा झुलायचा. ऐकणाऱ्याची मान आपोआप हलायची. भिंगरीच्या दुपारच्या झोपेतून वेळ चोरून आईने तो बांधला. त्याला तीन महिने लागले.

आईचा धाकटा भाऊ रॅप करतो. गाण्यांत तो स्वतःला ‘तुफान’ म्हणवतो. घरात त्याला बारक्या म्हणतात.

“ताई, हे मला दे! प्लीज!”

“घे. पण ठेक्यावर नाव माझं लावायचं.”

“अगं, हे काय सांगणं झालं? तुझंच लावणार!”

ठेका भरलेला पेन ड्राइव्ह खिशात टाकून तो निघाला, तेव्हा मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. माझी खोड, दुसरं काय.

दोन महिन्यांनी गाणं आलं. खालच्या दुकानात वाजू लागलं, शाळेच्या फाटकापाशी मुलं त्यावर नाचू लागली. इकडे मी टेबलाखाली धूळ खात होते आणि तिकडे माझं औषध प्यालेलं बटण गावभर गाजत होतं! आईने मोबाइलवर गाण्याखालची नावं वाचली. शब्द आणि आवाज : तुफान. संगीत : जिथे गाणं रेकॉर्ड झालं, त्या स्टुडिओवाल्याचं नाव. तिने ती यादी तीनदा वाचली.

“राहिलं असेल गं चुकून,” बाबा म्हणाले.

“चुकून नाव राहतं. चुकून दुसऱ्याचं लागतं का?”

त्या दिवसापासून घरात संशय राहायला आला. आई भावाचे जुने निरोप पुन्हा पुन्हा वाचायची. बाबांनाही विचारून झालं, “तुम्हाला आधीच माहीत होतं का?” मला आठवलं, तो स्टुडिओवाला एकदा बारक्याबरोबर चहाला आला होता. “हे अजून चालतं?” असं हसत त्याने माझी बटणं एकेक करून दाबून पाहिली होती. त्याची बोटं वाजवणाऱ्याची नव्हती, चाचपणाऱ्याची होती. पण मला तोंड कुठे आहे?

चौथ्या दिवशी आईने मला भिंगरीच्या दुलईत गुंडाळलं, भिंगरीचं बोट धरलं आणि थेट स्टुडिओ गाठला. बारक्या तिथेच बसला होता. बहिणीला पाहून तो उगाचच उभा राहिला.

“ताई, ठेका काय कुणाच्या बापाचा असतो?” स्टुडिओवाला खुर्चीत गोल फिरत म्हणाला. “टाळी सगळेच वाजवतात. बारक्याने काहीतरी ऐकवलं होतं, खरंय. पण हा ठेका मी नव्याने बांधलाय. माझ्या कॉम्प्युटरवर.”

“बरं. मग त्यातली ती टिचकी उशिरा का येते, दादा?”

“ती? ती मुद्दाम. ती माझी स्टाइल आहे. दोन रात्री बसलोय मी त्या टिचकीवर.”

“ते माझं खोकल्याचं औषध आहे,” भिंगरी म्हणाली.

खुर्ची फिरायची थांबली.

“मी सांडलं होतं,” तिने समजावून सांगितलं. “आई ओरडली नाही.”

आईने दुलई सोडली, माझी वायर लावली आणि वाजवायला सुरुवात केली. चमचा, चमचा, आणि केसभर उशिरा टिचकी. मग तिने मला त्याच्यापुढे सरकवलं. “आता दुसरं कुठलंही बटण दाबून ती तशीच आणून दाखवा.”

त्याने हात पुढे केला नाही. बारक्या मात्र खाली बघत पुटपुटला, “हे म्हणाले, घरात बसून ठेके करणाऱ्या बाईला कोण ओळखतं? स्टुडिओचं नाव असलं की लोक ऐकतात. मी गप्प बसलो, ताई.”

“तुफान ना रे तू?” आई म्हणाली. “मग एवढी झुळूकसुद्धा का नाही सुटली तोंडातून?”

संध्याकाळी नाव बदललं. बारक्याने तिच्यासमोर बसून बदलून घेतलं. ठेका : आईचं नाव, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट. बाबा म्हणाले, “आता तरी खूश?” तिने मान हलवली, पण दर तासाला मोबाइल उघडून नाव जागेवर आहे का ते बघत राहिली. विश्वास हाही एकदा लंगडला की उशिराच येतो.

मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती आहे. आम्हा जुन्या पेट्यांना पुसत जा, पण आमच्या खोडी घासून काढू नका. कधीकधी तेवढीच साक्ष उरते. आणि कुणाचा आवाज उचललात, तर त्याला सांगून उचला. हे मी आधी स्वतःला लावून सांगते आहे. कारण दुसऱ्यांवर संशय घेताना माझ्या स्वतःच्या नवव्या बटणाबद्दल मी तुम्हाला अर्धंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने भिंगरीला मांडीवर घेतलं आणि तिला मोबाइलवरचं नाव दाखवलं. “वाच बघू. कुणाचं आहे?” भिंगरीने एकेक अक्षर लावून वाचलं आणि टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंनी शिलाई मशीनवर शिवायला घेतलं.

खर्र-खर्र. खर्र-खर्र. मध्ये एक छोटा थांबा, कापड वळवण्यापुरता. मग पुन्हा खर्र-खर्र.

भिंगरी मांडीवरून उतरली. तिने भिंतीला कान लावला. मग माझ्यापाशी येऊन नववं बटण दाबलं आणि पुन्हा भिंतीला कान लावला. आईच्या हातातला मोबाइल अजून उजळलेलाच होता.

“आई,” ती म्हणाली, “काकूंचं नाव कुठे लिहिलंय?”