बेसावधराव

“तोंड नको काढूस,” वाल्मीक मास्तर म्हणाले. “तोंडाने माणूस थापा मारतो. पाठ काढ.”

नाशकात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बुधवारचा बाजार भरला होता आणि रंगनाथ एका कांदेवालीचं तोंड काढण्यात गढून गेला होता. कांदेवालीला केव्हाच संशय आला होता. हा माणूस मघापासून बघतो, कागदावर काहीतरी लिहितो, पुन्हा बघतो, म्हणजे नक्की नगरपालिकेचा. तिने पाच-सहा कांदे उचलून त्याच्या पिशवीत टाकले आणि म्हणाली, “जावा आता, भाऊसाहेब. पोराबाळांचा धंदा हाय.”

नाशकात त्या वर्षी चित्रकलेवर मिळवलेली ही बहुधा पहिलीच कमाई.

रंगनाथ सातपूरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये क्लार्क होता. कामगार आला कधी, गेला कधी, हे लिहायचं. मधे तो काय करतो ते लिहिणारे वेगळे होते. हजेरीच्या रद्दी कागदांच्या पाठीवर तो चित्रं काढायचा, हे पर्सोनेल साहेबांना कळलं तेव्हा आता मेमो येणार म्हणून तो तयारीत बसला. मेमोऐवजी साहेबांनी त्याला रंगांची पेटी आणून दिली.

“सेफ्टी वीक येतोय,” साहेब म्हणाले. “पोस्टरं हवीत. नुसत्या सूचना कोणी वाचत नाही. तुम्ही एक पात्र तयार करा. दरवर्षी तेच पात्र, दरवर्षी नवी चूक. मूर्ख पाहिजे, पण आवडला पाहिजे. नाव मी ठेवलंय. बेसावधराव.”

नाव ठेवून साहेब मोकळे झाले. माणूस शोधायचं काम रंगनाथकडे आलं, आणि तो वाल्मीक मास्तरांकडे गेला. मास्तर ड्रॉइंगचे निवृत्त शिक्षक. तीस वर्षं त्यांनी मुलांकडून फुलदाणी काढून घेतली होती, आणि निवृत्त झाल्या दिवशी घरातली एकुलती एक फुलदाणी शेजाऱ्यांना देऊन टाकली होती. त्यांनी रंगनाथला पेन्सिल दिली, कागद दिला आणि रस्त्यावर आणून सोडलं.

महिना-दीड महिना रंगनाथ लोकांच्या मागे उभा राहून चित्रं काढत होता. सीबीएसच्या एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, दवाखान्याच्या रांगेत. पाठी बोलतात, हे त्याला हळूहळू ऐकू यायला लागलं. हमालाची मान सगळ्यात आधी पुढे जाते आणि पाय मागून येतात. निवृत्त कारकून दोन्ही हात मागे बांधून चालतो, जणू अजूनही फाइल धरलीय. मुलीचं लग्न ठरवून आलेला बाप आणि मोडून आलेला बाप, दोघांचे खांदे सारखेच पडलेले असतात.

“चांगली पाठ सापडली की निम्मं पात्र झालं,” मास्तर म्हणायचे. “मग तिच्यात काय भरायचं, ते तुझ्या हातात.”

पाठ सापडली ती शेवटी कारखान्याच्या गेटवरच. कोंडाजी, प्रेस शॉपमधला, पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रावरचा. बुटका, पाय किंचित फेंगडे. तरुणपणी घोटीच्या बाजारात भाताची पोती वाहून एक खांदा कायमचा खाली बसलेला. त्या बाजूला टोपी कलायची, टोपीमागोमाग कोंडाजी कलायचा, आणि मग एकदम सावरून चालायला लागायचा. मागून बघणाऱ्याला वाटावं, की घरी काहीतरी विसरलंय, काय ते आठवत नाहीये, आणि आता आठवलं तरी उपयोग नाही.

“काय लिव्हता, भाऊसाहेब?” कोंडाजीने विचारलं.

“लिहीत नाही. तुम्हाला काढतोय.”

“काढता?” कोंडाजी चपापला. “म्या काय केलं?”

कामावरून नव्हे, कागदावर काढतोय, हे समजावून सांगेपर्यंत जेवणाची सुट्टी संपली. समजल्यावर कोंडाजी हरखला. टोपी नीट करायला लागला. रंगनाथने ती पुन्हा वाकडी करून घेतली.

मग तो प्रेस शॉपमध्ये जाऊन कोंडाजीला काम करताना पाहू लागला. कोंडाजी पाळी सुरू होताना बोटातली अंगठी काढून डब्यात ठेवायचा. बाह्या सुतळीने बांधायचा. पॅडल एकदा रिकामं दाबून बघायचा. कोणी हाक मारली तर आधी मशीन थांबवायचा आणि मगच मान वळवायचा. त्यामुळे सगळा शॉप त्याला ‘म्हातारी’ म्हणायचा. रंगनाथने हे सगळं पाहिलं, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून काढलं नाही. त्याने पाठ घेतली, खांदा घेतला, टोपी घेतली. आत बेसावधराव भरला.

पहिली पोस्टरं साहेबांच्या टेबलावर गेली. केळीच्या सालीवरून घसरणारा बेसावधराव, तुटक्या स्टुलावर चढलेला बेसावधराव. साहेब खूष. प्रेसच्या पोस्टरवर मात्र ते थबकले.

“प्रेसची जाळी कुठाय? हात आत जाऊ नये म्हणून असते ती?”

“तिथे नाहीये, साहेब.”

“म्हणजे?”

“मी मशीनसमोर बसून काढलंय. जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवलीय. जाळीमुळे माल कमी निघतो म्हणतात.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “रंगनाथ, आपण सुरक्षिततेचं पोस्टर काढतोय. त्यात जाळी नसेल तर कसं दिसेल? जाळी बसवा.”

रंगनाथने घरी नेऊन जाळी बसवली. चांगली बसवली. तार न् तार काढली, हिरवा रंग दिला. आणि मग चित्रात गंमत यावी म्हणून बेसावधरावाचा हात जाळीच्या वरून आत घातला, चेहऱ्यावर हसू ठेवलं. खाली कोपऱ्यात सही केली. आयुष्यात त्याने आपल्या चित्राखाली सही केली ती पहिल्यांदा. त्याच्या हातून उतरलेलं सगळ्यात चांगलं चित्र होतं ते. कारखान्यात जाळी बसली ती तेवढीच.

पोस्टरं लागली आणि कारखाना हसला. कोंडाजी दिसला की लोक टोप्या वाकड्या करायचे. “काय राव, हात शाबूत ना?” कोंडाजीही हसायचा. ‘म्हातारी’पेक्षा ‘राव’ बरं, असं त्याला वाटलं असावं. प्रेसच्या पोस्टरची एक छापील प्रत त्याने मागून घेतली.

“घरी दाखवाया,” तो म्हणाला. “आमच्या गल्लीत असं भिताडावर लावायजोगं कुनाचंच काढल्यालं नाय.”

पुढच्या उन्हाळ्यात कोंडाजीचा उजवा हात मनगटापासून गेला. त्याने पॅडल दाबलं नव्हतं. प्रेस आपोआप दुसऱ्यांदा खाली आली. जाळी भिंतीला टेकून उभी होती. तिच्यावर कोणीतरी टॉवेल वाळत घातला होता.

चौकशी झाली आणि अहवाल टाइप करायला रंगनाथकडे आला. ‘कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा’ या शब्दांपाशी तो थांबला, मशीनमधला कागद ओढून काढला आणि आत गेला.

“साहेब, हे खरं नाही. जाळी नव्हती. आणि तो माणूस निष्काळजी नव्हता. हाक मारली तर मशीन बंद करून वळायचा. मी बसून बघितलंय.”

साहेब चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं. “बसा,” ते म्हणाले. “मलाही वाईट वाटतंय. पण कमिटीला काय सांगू? सगळा कारखाना त्याला बेसावधराव म्हणतो. कोणी ठेवलं हे नाव?”

“तुम्ही ठेवलंत, साहेब.”

“पोस्टरवरच्या माणसाचं ठेवलं. कोंडाजीचं ठेवलं नाही. तो चेहरा त्याला कोणी दिला?”

रंगनाथने चेहरा दिलाच नव्हता, पाठ दिली होती.

“जाळी नव्हती असं मी लिहून देतो,” तो म्हणाला.

“द्या. तुमचा हक्क आहे.”

त्याने लिहून दिलं. कमिटीसमोर दोन कागद ठेवले गेले. एक रंगनाथचा, रेषा आखलेल्या फुलस्केपवर, खाली सही केलेला. दुसरं पोस्टर, कामगारांना आधीच समज दिली होती याचा पुरावा म्हणून. त्यात जाळी होती, जाळीवरून आत गेलेला हात होता, आणि खाली त्याच माणसाची सही. कमिटीतले एक वयस्कर गृहस्थ पोस्टर हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग त्यांना हसू आवरेना.

“फार सुरेख काढलंय हो,” ते म्हणाले. “अगदी जिवंत.”

निष्काळजीपणा कायम झाला. कोंडाजीला कारखान्याने मोकळं केलं.

दिवाळी झाल्यावर बाजाराच्या दिवशी रंगनाथ घोटीला गेला. भात गिरणीच्या अंगणात कोंडाजी खाली बसून तांदळाच्या गोण्या शिवत होता. गोणीची कड पायाच्या बोटांत धरलेली, डाव्या हातात दाभण. त्याची बायको सुलाबाई शेजारी बसून दुसऱ्या दाभणात सुतळी ओवून ठेवत होती.

“भाऊसाहेब! बसा बसा,” कोंडाजी म्हणाला. “सुला, हे ते आमचे चित्रवाले.”

सुलाबाईने मान वर केली नाही. “वळखलं,” ती म्हणाली. “लय हसली मानसं तुमच्या चित्राला. पावनं आलं की भिताडाकडं बघून हसायची. हात गेल्यावर बी हसायची. म्या उतरून चुलीत घातलं तवा कुठं गप झाली.”

“तू गप की जरा.”

“मी गपच हाय.”

रंगनाथ गोणीवर बसला. इतके दिवस मनात घोळवलेलं त्याने एका दमात सांगून टाकलं. “मी लिहून दिलं होतं, कोंडाजी. जाळी नव्हती म्हणून. सही करून दिलं.”

“नव्हतीच की,” कोंडाजी म्हणाला. काल बाजाराला गर्दी नव्हती असं सांगावं तसं.

मग त्याने दाभण थांबवलं. “एक इचारू? राग नका धरू. त्या चित्रात म्या जाळीवरनं हात घातल्याला दावलाय. म्या कवा घातला व्हता?”

“कधीच नाही.”

“मंग?”

रंगनाथने उत्तरं बरीच तयार करून आणली होती. त्यातलं एकही त्या अंगणात काढण्याजोगं नव्हतं.

“लोकांनी हसावं म्हणून,” तो म्हणाला.

कोंडाजीने मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिला, जणू हिशोब बरोबर जुळला. “हसली की मानसं,” तो म्हणाला, आणि पुन्हा शिवायला लागला.

शेवटच्या टाक्यापाशी गाठ मारायची होती. रंगनाथने नकळत हात पुढे केला.

“ऱ्हाऊ द्या,” सुलाबाई म्हणाली. “त्यांना येतंय.”

कोंडाजीने सुतळीचं एक टोक दातात धरलं, दुसरं बोटांनी फिरवलं, मान मागे ओढून गाठ आवळली. घट्ट बसली का ते बघायला गोणीवर हात फिरवला आणि हमालाला हाक दिली. हमालाने गोणी पाठीवर घेतली, छपराखाली नेऊन बाकीच्यांशेजारी उभी केली. तोवर चहा आला. रंगनाथने तो बशीत ओतून प्यायला, कप खाली ठेवला आणि मोटारीची वेळ झाली म्हणून उठला.

फाटकापाशी त्याने वळून पाहिलं. छपराखाली गोण्यांची रांग लागली होती. दुसऱ्यांनी दोन्ही हातांनी शिवलेल्या होत्या, कोंडाजीने एका हाताने शिवलेल्या होत्या. तो पुष्कळ वेळ बघत उभा राहिला. कोंडाजीच्या कोणत्या, ते त्याला ओळखता आलं नाही.