चमचा तो चमचा

बोलतोय तो मी, मिठाच्या डब्यातला चमचा. पांढरं प्लॅस्टिक, लांब दांडी आणि तोंड एवढं रुंद की आत लहान मुलाची मूठ मावावी. माणसांत 'चमचा' ही शिवी आहे म्हणे. असेल. मी कधी कुणाची हांजी हांजी केलेली नाही. माझ्यावर आरोप व्हायला हवा तो वेगळाच, आणि कुणी केला नाही म्हणून मीच करतो. एका घोडीला मी आठ दिवस चुकीचं माप घातलं.

माझा जन्म एका कारखान्यातला. साच्यातून गरम गरम बाहेर पडलो, गार व्हायच्या आत खारट पुडीच्या डब्यात गेलो. घोडा पळून घामाघूम झाला की त्याच्या अंगातलं मीठ जातं. ते भरून काढायला ही पूड बादलीभर पाण्यात एक चमचा घालायची. थोडी कमी-जास्त झाली तरी चालतं. घोडा दोन घोट जास्त पितो, एवढंच. त्यामुळे माझं आयुष्य तसं बिनघोर होतं. तबेल्यातल्या चंदीच्या, म्हणजे घोड्यांच्या दाण्याच्या खोलीत फळीवर डबा, डब्यात मी.

तबेल्याचे कर्तेधर्ते मास्तर. तीस वर्षं घोडे आणि माणसं दोघांनाही उड्या मारायला शिकवणारे. त्यांच्या हाताखाली मामा, म्हणजे म्हातारा मोतद्दार; घोड्यांचा खरारा, चंदी, लीद सगळं त्याच्याकडे. आणि मास्तरांची मुलगी. कॉलेजात शिकते, घोड्यावर बसते आणि बोलायला लागली की आजूबाजूचं गवत पेटेल अशी भीती वाटते. सगळे तिला ठिणगीच म्हणतात.

ठिणगीची घोडी सावळी. घरच्या मैदानावर लोण्यासारखी. डोळे मिटून अडथळे ओलांडेल. पण स्पर्धेला नेली की मैदानाच्या दारापाशी तिचं काहीतरी बिनसायचं. अंग ताठ, नाकपुड्या लाल आणि दारातच मागच्या दोन पायांवर उभी. असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा ठिणगी खाली पडली आणि तिचं मनगट मोडलं. मग तबेला ज्या क्लबचा, त्याच्या समितीने मास्तरांना बोलावून सांगितलं, "घोडी क्लबची आहे. आता पुन्हा दारात अडली, तर विकून टाकू."

त्या दिवसापासून मास्तरांची झोप उडाली. कुणीतरी सांगितलं, घोडा शांत करायची पूड मिळते. आठवड्याभरात डबा फळीवर आला, अगदी माझ्या शेजारी. हिरवं झाकण, वर झोपाळू डोळ्यांच्या घोड्याचं चित्र.

ठिणगी परीक्षेसाठी बाहेर होती. मास्तरांनी फोनवर सांगितलं, तेव्हा तिचा आवाज मला डब्यातून ऐकू येत होता.

"बाबा, त्यात काय काय आहे? स्पर्धेच्या नियमात बसतं का? विचारलंत कुणाला?"

"नैसर्गिक आहे गं. झाडपाल्याची पूड नुसती. सगळेच देतात."

"धोतराही नैसर्गिकच असतो, बाबा."

"तू पेपर लिही. घोडे मी बघतो. तुझ्या जन्माच्या आधीपासून बघतोय."

फोन ठेवून त्यांनी मामाला डबा उघडायला सांगितला. मामाने झाकण काढलं, वरवर पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, आत चमचाच नाही."

चमचा होता. अशा डब्यांत तो नेहमी पुडीखाली गाडलेला असतो. हात घालून शोधावा लागतो. पण हात कोण खराब करणार?

"विसरले असतील घालायला," मास्तर म्हणाले. "तो मिठातला घे."

मामाने मला उचललं, उलटसुलट पाहिलं. "हा मोठा वाटतोय."

"चमचा तो चमचा. लाव सुरुवात."

मी ओरडलो असतो. तोंड माझं एवढं मोठं, पण आवाज नाही. मला हिरव्या डब्यात खुपसलं, शिगोशीग भरलं आणि सावळीच्या चंदीवर उपडं केलं. तिने हुंगलं, नाक उडवलं, पण चंदीबरोबर खाल्लं.

सात दिवस हेच. तिसऱ्या दिवशी तिने मामाच्या खिशात गूळ आहे का ते शोधणं सोडलं. पाचव्या दिवशी पाठीवर माशी बसली, ती हाकलायला शेपूटही हलली नाही. मास्तर खूश. मामा मात्र गप्प गप्प. एकदा म्हणाला, "डबा फार लवकर उतरतोय. चाळीस दिवसांचा लिहिलाय ना?"

"कंपन्या अर्धाच भरतात. लुटारू मेले."

असे हे अनुभवी लोक. घोड्याच्या दातांवरून त्याचं वय सांगतील, पण डब्यावरच्या चार ओळी वाचायच्या म्हटल्या की चष्मा गाडीत राहिलेला असतो.

आठव्या दिवशी स्पर्धा. ठिणगी आदल्या रात्री परीक्षा देऊन आली होती, ती सकाळी थेट मैदानावर पोचली. तोवर मास्तरांनी ट्रेलरच्या सावलीत चंदी कालवली होती. डब्यावर लिहिलं होतं, स्पर्धेच्या दिवशी दोन चमचे. तेवढं मात्र त्यांनी वाचलं होतं. त्यांनी मला दोनदा भरलं आणि वर अर्धा. "हा माझ्याकडून," असं सावळीला म्हणाले. मग सवयीने मला कोटाच्या खिशात टाकलं.

तिथे मला मास्तरांची खरी ओळख झाली. बाहेरून ते खांबासारखे उभे होते, ओळखीच्यांना हात करत होते. खिशात मात्र त्यांची बोटं माझी दांडी धरून थरथरत होती. हात बर्फासारखा गार. दुसऱ्या हातात सावळीचा लगाम, आखूड धरलेला. दर थोड्या वेळाने छातीत श्वास अडकायचा आणि सुटायचा. मला वाटलं, हे सगळं त्या लगामातून घोडीला कळत नसेल? मी तर निर्जीव, मला कळलं.

"बघ, कशी गाय झालीये," मास्तर म्हणाले. "उगाच तडतड करत होतीस."

ठिणगीने सावळीच्या कानांकडे पाहिलं. घोड्याचे कान सतत फिरत असतात. आज ते कोमेजल्या पानांसारखे बाजूला पडले होते.

"बाबा, ही शांत नाहीये. ही इथे नाहीयेच."

"बस वर. सराव कर. पंधरावा नंबर आपला."

ती बसली. सरावाच्या मैदानावर एकच अडथळा होता, कमरेएवढा. सावळी त्याच्याकडे गेली, उशिरा उडाली आणि मागचे दोन्ही खूर दांड्यावर आपटले. दांडा खाली आला. मोठा आवाज झाला. एरवी पानाच्या सळसळीला दचकणारी घोडी. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

ठिणगीने तिला तिथेच थांबवली, खाली उतरली, लगाम मामाच्या हातात दिला आणि ट्रेलरकडे धावली. मास्तर मागोमाग. "अगं, काय झालं? अकरावा आत गेलाय!"

तिने हिरवं झाकण उघडलं. तळाशी दोन बोटं पूड उरली होती आणि तिच्यातून एक छोटी दांडी वर आली होती. तिने ती ओढली. माझ्याच जातीचा एक चमचा, पण माझ्यापुढे अगदी बाळ. आठ दिवस तो खाली गाडलेला होता, आणि वरून मी त्याचं काम करत होतो.

"बाबा, तुम्ही कशाने देत होतात?"

मास्तरांची नजर कोटाच्या खिशाकडे गेली. तिने त्यांच्या खिशात हात घातला आणि मला बाहेर काढलं. मला एका हातात धरलं, दुसऱ्या हाताने छोटा चमचा उरलेल्या चंदीतल्या दाण्यांनी भरला आणि माझ्यात ओतला. एक. दोन. तीन. चौथ्याला मी काठोकाठ भरलो.

"आज किती दिले?"

"दोन," मास्तर पुटपुटले. "आणि... अर्धा."

"म्हणजे दहा."

भोंग्यावरून बारावा नंबर पुकारला गेला.

"हे बघ," मास्तर भराभरा बोलू लागले, "ती उभी आहे, चालतेय, अडलेली नाही. दोन मिनिटांची फेरी. एकदा दारातून आत गेली की समितीचं तोंड बंद. नंतर बोलू आपण."

"तिला तिचे पाय कुठे पडतायत ते कळत नाहीये. आतले अडथळे माझ्या खांद्याएवढे उंच आहेत."

"बाहेर काढलीस तर विकतील तिला!"

"आणि आत नेली तर? मान तिची मोडेल की माझी, ते तेवढं सांगा. तीस वर्षांचा अनुभव आहे ना?"

तेरावा नंबर.

मास्तरांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. पण ठिणगी थांबणाऱ्यातली नव्हती. "एक सांगू? दोन्ही वेळा दारापर्यंत तिला तुम्हीच आणलं होतंत. लगाम हा एवढा आखूड धरून. दाराला ती कशाला घाबरेल? ती तुम्हाला घाबरते. तुम्ही काहीतरी भयंकर येतंय असे श्वास घेता, तिला वाटतं खरंच येतंय. ही पूड हवी होती तुम्हाला!"

मामा लगाम धरून मागे येऊन उभा होता. तो जमिनीकडे बघत हळूच म्हणाला, "हे मला केव्हापासून वाटत होतं."

"मग बोलला का नाहीस?" ठिणगी त्याच्यावर उखडली. "सगळे मोठे असेच. कळतं सगळं, बोलायचं नाही काही."

ती दोन्ही चमचे घेऊन डॉक्टरांच्या तंबूकडे निघाली. चार पावलं गेली नसेल, तोच मास्तरांनी तिचा हात धरला. मला वाटलं, आता अडवणार. त्यांनी फक्त तिची मूठ उघडली.

"तू तिच्यापाशी थांब. हे मी सांगतो."

तंबूतल्या टेबलावर त्यांनी आम्हाला शेजारी शेजारी ठेवलं. घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी आमच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"चूक माझी आहे," मास्तर म्हणाले. "घोडी आत जाणार नाही. आधी तिला बघा."

तेवढ्यात भोंग्यावर पंधरावा नंबर आला. एकदा. दोनदा. मग सोळावा.

संध्याकाळपर्यंत डॉक्टरीणबाई दर तासाने सावळीच्या छातीला नळी लावत होत्या. चौथ्या खेपेपर्यंत नकाराने मान हलवत होत्या, पाचव्या खेपेला हलवली नाही. ऊन कलल्यावर सावळीने एक कान फिरवला. ठिणगी तेवढ्या एका कानासाठी रडली. मी पहिल्यांदाच तिला रडताना पाहिलं.

नोंद झाली. आयोजकांनी मास्तरांना वर्षभर कुठल्याही स्पर्धेच्या मैदानात पाऊल ठेवायला बंदी केली. समितीपुढे ठिणगी गेली आणि म्हणाली, "तुमची अट होती दारात अडली तर. ती अडलीच नाही. आम्हीच नेली नाही." समितीतल्या बुजुर्गांनी एकमेकांकडे पाहिलं. कॉलेजात पाठवलं की हे असं होतं, असं एकजण म्हणाला म्हणे. पण ते आपल्याच शब्दात सापडले होते. एक संधी मिळाली, शेवटची.

ती आज होती.

सकाळी ट्रेलर निघाला तेव्हा मास्तर तबेल्याच्या फाटकाशी उभे होते. ठिणगीने काच खाली करून सांगितलं, "फोन करू नका. मामाच करील." या वेळी डबा नव्हता. सावळी मामाच्या खिशात गूळ शोधत गाडीत चढली होती.

दुपारभर मास्तर चंदीच्या खोलीत येरझारा घालत होते. मी माझ्या मूळच्या डब्यात. माझ्या दांडीवर आता ठिणगीने लाल रंगाने 'मीठ' असं लिहिलंय. छोटा चमचा तिने ठेवून घेतलाय, खोगिराच्या पेटीत. शेवटी मास्तरांनी बादली भरली, मला मिठात बुडवलं आणि तेवढ्यात फोन वाजला.

"गेली, मास्तर," मामाचा आवाज.

मास्तरांनी फोन कानाला घट्ट दाबला. "कुठे गेली?"

"आत गेली! दारात थांबली, कान फिरवले, ठिणगीने लगाम सैल सोडला आणि गेली. चारही पायांवर. दोन दांडे पाडले, नंबर-बिंबर नाही आला. पण गेली!"

मास्तर शेजारच्या एका उलट्या बादलीवर बसले. मी त्यांच्या हातात इतका हलत होतो की अर्धं मीठ फरशीवर सांडलं. मग ते उठले, मला पुन्हा भरलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा बोटाने वरचं जादा मीठ सपाट केलं.

वाचणाऱ्या, तुझ्याही घरी कुणाला तरी शांत करायची घाई झाली असेल. आधी बघ, थरथरतोय कुणाचा हात. आणि डब्यात चमचा दिसला नाही, तर तळापर्यंत हात घाल. खराब होतो, पण धुता येतो.

आता थांबतो. फाटकाशी ट्रेलर वाजतोय, आणि ती घामाघूम होऊन आली असेल. आज माझं माप तिला बरोबर आहे.