पंख्याखाली बसलेला कमोड

मित्रांनो, मानवी संस्कृतीत आसनाला फार मोठे स्थान आहे. राजाला सिंहासन लागते, न्यायाधीशाला उंच खुर्ची लागते, ध्यानाला बसणाऱ्याला निदान एक चटई तरी लागते. आसन स्थिर असेल तरच चित्त स्थिर होते. मीही असेच एक जुने आसन आहे. अंबरनाथमध्ये एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर माझी स्थापना झालेली आहे. मी कमोड आहे.

हसून घ्या. मला सवय आहे.

माझा जन्म गुजरातमधल्या एका भट्टीत झाला. पांढऱ्या मातीचा लगदा साच्यात ओतला, वाळवला, वर चकाकी चढवली आणि आगीत ठेवला. त्या आगीचं मला विशेष काही वाटलं नाही. मला खरा चटका बसला तो पुढे, पंख्याखाली.

भट्टीतून मी उल्हासनगरच्या एका दुकानात आलो. तिथे राजेंद्र नावाचे गृहस्थ मला बघायला आले. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात नोकरीला होते. त्यांच्या आईचे, द्रौपदीबाईंचे, गुडघे गेले होते. उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून घरातला संडास आणि मोरी नव्याने करून घ्यायची, असं ठरलं होतं. मिस्त्री मात्र अजून ठरला नव्हता. सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, पहिले माल घर ले जाओ. माल घर में आ गया तो काम अपने आप चालू होता है."

राजेंद्रना हे फार पटलं. ते सकारात्मक विचारांचे होते. संयमावरचं एक कात्रण त्यांनी फ्रिजवर चिकटवलं होतं. मला खोक्यासकट मांडीवर घेऊन ते रिक्षाने घरी आले. यशोधराबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला हॉलमध्ये पंख्याखाली जागा करून दिली. "दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे," त्या म्हणाल्या.

लगेच मिस्त्री ठरला. त्याचं नाव नाथा. सोनिवलीचा. आल्या आल्या त्याने संडासातलं जुनं देशी भांडं फोडलं. तोडायला नाथाने कधीच उशीर केला नाही. इतकी वर्षं कुणाला उलट न बोलता राबलेलं ते भांडं तुकडे होऊन गोणीतून माझ्या समोरून खाली गेलं. त्याची जागा मला द्यायची होती. मी तर अजून खोक्यातून बाहेरही आलो नव्हतो. अपराधीपणाची सुरुवात तिथून झाली.

दुसऱ्या दिवशी नाथा आला नाही. मोरीत त्याचं घमेलं मात्र होतं.

मित्रांनो, या घमेल्याबद्दल सांगायला हवं. नाथा एका वेळी चार-पाच घरांची कामं धरायचा आणि प्रत्येक घरात आपलं एकेक हत्यार ठेवून जायचा. अंबरनाथला घमेलं, बदलापूरला थापी, कुठे ओळंबा. हत्यार आहे तोवर काम नाथाचं. त्या घरात दुसऱ्या मिस्त्रीने पाऊल टाकायचं नाही, हे सगळे मिस्त्री पाळत. राजेंद्रनी विचारलं तेव्हा नाथा दुखावल्या आवाजात म्हणाला, "सायेब, घमेला हाय ना तुमचे घरान? मंग?"



पाऊस लागला आणि नाथा भात लावायला गेला. लावणी झाली आणि तो एकदा उत्साहाने आलाही, पण त्याची थापी बदलापूरच्या घरी होती. थापी आणायला म्हणून गेला तो विजयादशमी झाल्यावर उगवला, एक भिंत केली आणि भात कापायला गेला.

राजेंद्र रोज संध्याकाळी चहा घेताना आईला धीर द्यायचे. "आई, काय झालं नाही ते बघायचं नाही. काय झालं ते बघायचं."

"बरं. आज काय झालं?"

"आज नाथाचा फोन लागला."

"उचलला?"

"लागला."

नाथाच्या फोनवर एकवीरा आईचं गाणं वाजायचं. घरातल्या सगळ्यांना ते पाठ झालं होतं.

या काळात माझं मात्र उत्तम चाललं होतं. माझ्या खोक्यावर भरतकामाची चादर पडली. मी टीपॉय झालो, पाहुणे वाढले की खुर्ची झालो. राजेंद्रचे शिवराममामा, निवृत्त मास्तर, माझ्यावर बसून म्हणाले, "ताई, बुद्धांनी सांगितलंय, सगळं अनित्य आहे. बदलत नाही असं जगात काही नाही."

"आमची मोरी बघून या," द्रौपदीबाई म्हणाल्या.

येणारा-जाणारा माझं कौतुक करायचा. "बाकी काही असो, कमोड तरी घरात आलाय!" हे ऐकलं की मला खोक्यात तोंड लपवावंसं वाटे. ते तसंही लपलेलंच होतं.

कारण द्रौपदीबाई कुठे जात होत्या, ते मला दिसत होतं. तळमजल्यावर इंदुबाई एकट्याच राहायच्या. त्यांच्याकडे कमोड होता. सगळं घर त्यांच्याकडेच जायचं, पण बाकीच्यांचे गुडघे शाबूत होते. द्रौपदीबाई कठडा धरून तीन जिने उतरायच्या आणि चढायच्या. रिकाम्या हाताने मात्र कधी गेल्या नाहीत. हातात एक वाटी असायची, कधी चटणीची, कधी उसळीची.

"प्रत्येक वेळी वाटी कशाला, आई?" यशोधराबाईंनी विचारलं.

"मग काय नुसती जाऊ? जिन्यात कोणी भेटलं तर काय सांगू, कशाला चालले?"

वाटी रिकामी परत करायची नाही, म्हणून इंदुबाईही काहीतरी घालून द्यायच्या. दोन घरांत एवढं खाणंपिणं पूर्वी कधी झालं नव्हतं. राजेंद्र म्हणाले, "बघा, कामाच्या निमित्ताने माणसं जोडली गेली."

मग द्रौपदीबाईंनी संध्याकाळचा चहा सोडला. कप पुढे आला की म्हणायच्या, "नको गं, पित्त होतं." तो कप माझ्यावरच ठेवला जायचा आणि माझ्यावरच निवायचा. जेवणानंतरचं पाणीही त्या घोटभरच प्यायच्या. पित्त नव्हतं, मित्रांनो. संध्याकाळचे तीन जिने होते. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो मी, चादर पांघरून, पंख्याखाली.

एके दिवशी इंदुबाईच वर आल्या. हातात दोन-तीन वाट्या. "द्रौपदीताई, हल्ली संध्याकाळी येत नाही तुम्ही. माझं काही चुकलं का?"

"तुमचं कसलं चुकतंय! चहाच पीत नाही मी, तर येऊ कशाला?"

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सून दारात उभी आहे. राजेंद्रनी फ्रिजवरच्या कात्रणाकडे पाहिलं.

"धीर धरला की..." त्यांनी सुरुवात केली.

"अहो, तुम्ही गप्प बसा," यशोधराबाई म्हणाल्या. त्यांनी मोरीतलं घमेलं उचललं, खसाखसा घासलं आणि पुसून कोरडं केलं.

दुसऱ्या दिवशी ते मांडीवर घेऊन त्या रिक्षाने सोनिवलीला गेल्या. पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. नाथा घरी नव्हता. त्याची बायको मोतीबाई अंगणात भात पाखडत होती. यशोधराबाईंनी घमेलं तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमची वस्तू. घासून आणलीय." मोतीबाईचं सूप थांबलं. नाथाचं हत्यार आजवर कोणी घरी आणून दिलं नव्हतं. शेजारणी कुंपणापाशी जमल्या. "घमेला परत आला?" एवढंच मोतीबाई म्हणाली.

रात्री त्या घरात काय झालं, ते मला माहीत नाही. सकाळी नाथा दारात हजर होता. घमेलं, थापी, ओळंबा, सगळं बरोबर. "वहिनी, असा करतंत काय? इज्जत घालवलीत आमची," म्हणाला आणि कामाला लागला. दुपारी जेवायलाही बसला नाही.

अखेर माझं खोकं उघडलं गेलं. मला जागेवर बसवलं, पांढऱ्या सिमेंटने पक्कं केलं. "उद्यापासून वापरा," असं सांगून नाथाने हत्यारं धुतली, मोरी धुतली, हातपाय धुतले आणि एकही वस्तू मागे न ठेवता तो गेला. राजेंद्र म्हणाले, "बघ आई, संयम ठेवला की होतंच."

मित्रांनो, एवढीच विनंती. घरात नवं जरूर आणा, पण नवं बसेपर्यंत जुनं फोडू नका. आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस "मला नको" म्हणालं, तर लगेच विश्वास ठेवू नका. माझ्यासाठी निवलेले ते कप मी अजून विसरलेलो नाही.

मला बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी उठल्यावर द्रौपदीबाई आल्या, माझ्याकडे दारातून बघून घेतलं आणि किती महिन्यांनी आपणहून हाक मारली, "यशोधरा, आज चहा जरा कपभरून ठेव गं!"

यशोधराबाईंनी पाण्याच्या ड्रमचं झाकण काढलं. नाथाने सगळं पाणी धुण्यात संपवलं होतं. तो शुक्रवार होता, आणि शुक्रवारी आमच्या इमारतीत पाणी येत नाही.